पेन्सिलीतलं माझं नाव

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. इंग्रजी शब्दांना पोलिश भाषेत काय म्हणतात, ते लिहिलेली कार्डं मी पोटात सांभाळते. मला एका सुताराने आपल्या पुतणीसाठी घडवलं. ती हत्यारांची इंग्रजी माहितीपत्रकं पोलिशमध्ये आणायची, आणि काकांची उभी हयात पोलिश बोलणाऱ्या कारागिरांत गेली होती.

तिचा एक शिरस्ता होता. कोशातला शब्द आधी पेन्सिलीने लिहायचा. ती वस्तू रोज हाताळणारा माणूस 'हो' म्हणाला, तरच त्यावर शाई फिरवायची. दर रविवारी मला काखेत मारून ती काकांकडे जाई. काका पटाशी हातात घेत, डोळे मिटत आणि मग शब्द सांगत. कोशातला शब्द पटला नाही तर हसत.

"अगं, हा शब्द फार शिकलेला दिसतो. आमच्या कारखान्यात याला कुणी ओळखत नाही!"

त्या दिवसांत माझी केवढी ऐट होती! पुढे घरात संगणक आला. बोट लावलं की शब्द हजर. मी कपाटावर चढले ती तिथेच धूळ खात पडले. काकांचा फोन येई.

"चाळीसेक कार्डं राहिलीत ना गं? ये की."

"पुढच्या रविवारी नक्की, काका."

असे किती रविवार गेले, ते मी वरून पाहिले.

मग एका सकाळी काकांना झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. पुतणी मला घेऊन धावली. तिने त्यांच्या हातात छोटा रंधा ठेवला. अंगठा बरोबर पात्यावर गेला, ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिने कार्डांवरचे शब्द वाचून दाखवले, तर ते प्रत्येक शब्दाला सारखीच मान डोलवत राहिले.

"राहू द्या, काका," म्हणत ती रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

ती चाळीस कार्डं आता पुसट होत चालली आहेत. त्यांतलं एक माझं आहे. इंग्रजीत 'बॉक्स', पुढे पेन्सिलीने पोलिशमधले दोन शब्द, 'पुदेउको' की 'स्कशिन्का', आणि प्रश्नचिन्ह. मला घडवणारे हात माझ्या झाकणावर फिरतात, पण ते मला काय म्हणाले असते, हे मला कधीच कळणार नाही.

मित्रांनो, ज्यांना काही विचारायचं आहे, त्यांच्याकडे आजच जा. आमची पुतणीसुद्धा आता एकही रविवार चुकवत नाही.