मतदानाला निघालेली पावाची गाडी

मित्रांनो, मी पावाची गाडी ओढणारा एक जुना घोडा आहे. माझं नाव कॅप्टन. नाव ऐकून फसू नका. खाणीच्या कचेरीत बसून ज्याने मला हे नाव दिलं, त्याने माझं तोंडही पाहिलं नव्हतं. माझ्याइतका भित्रा घोडा आमच्या खोऱ्यात दुसरा झाला नाही. मी भितो हे मी कधी लपवलं नाही. घोड्याला ते लपवता येतही नाही. कान, नाकपुड्या, मांडीवरची कातडी, सगळं बोलून टाकतं. माणसांचं तसं नसतं. माणसं भीती पोटात ठेवतात, डोक्यावरची हॅट नीट करतात आणि चालू लागतात. हे मला निवडणुकीच्या एका दिवशी कळलं.

माझा जन्म पश्चिमेकडच्या डोंगरावरचा. आईच्या मागेमागे मी ओल्या गवतात हिंडायचो आणि पक्षी उडाला तरी दचकायचो. पुढे मला बाजारात विकलं आणि कोळशाच्या खाणीत आणलं. एका लोखंडी पिंजऱ्यात मला उभं केलं, दार लावलं, आणि पायांखालची जमीनच निघून गेली. खाली पोचेपर्यंत मी घामाने न्हालो होतो. त्यानंतर किती वर्षं अंधारात कोळशाचे डबे ओढले, ते मला सांगता येणार नाही. खाली दिवस मोजायला काही नसतं. छत करकरलं की मी जागच्या जागी थिजायचो आणि माणसं मला शिव्या घालायची, आणि कधीकधी शिवी पुरी व्हायच्या आत स्वतःच मागे पळायची.

मग मोठी टाळेबंदी झाली. मालकांनी खाणींना कुलपं लावली आणि आम्हा घोड्यांना वर काढलं. उजेड इतका लागला की मी दिवसभर डोळे मिटून उभा होतो. त्या उन्हाळ्यात कुरणात चरून आम्ही घोडे फुगलो आणि खोऱ्यातली माणसं वाळत गेली. खाण पुन्हा उघडली तेव्हा मी म्हातारा ठरलो होतो. मला गावातल्या कामगारांच्या सहकारी सोसायटीने पावाच्या गाडीसाठी विकत घेतलं. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला त्याला तोड नाही. पुन्हा खाली जायचं नव्हतं.

गाडी हाकायचा तो एलिस. आमच्याकडे एकाच नावाची माणसं फार, म्हणून प्रत्येकाला त्याच्या धंद्यावरून ओळखतात. त्याला सगळे 'एलिस पाव' म्हणायचे. त्याच्याकडे चाबूक होता, पण तो फक्त माश्या हाकलायला. आमच्या कामाची एक रीत होती. भरलेली गाडी घेऊन सरळ चढ चढायचा, मध्ये कुठेही थांबायचं नाही, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवताना नाकी नऊ येतात. टेकडीवर पोचलं की वरच्या रांगेपासून खाली येताना दारोदार थांबायचं. बायका बाहेर येत, गाडीचं मागचं दार स्वतःच उघडून आपापला पाव काढून घेत, आणि काहीजणी मला पावाचा कडक तुकडा देत. कुठल्या दारात तुकडा मिळतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तो मिळाल्याशिवाय मी तिथून हलत नसे. एलिस म्हणायचा, 'कॅप्टन वसुली करतोय.'

वरच्या रांगेत आसेनाथ पोवेल नावाची विधवा राहायची. टाळेबंदीत ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी बटाटे सोलत असे. उभं राहून राहून तिचे पाय सुजले ते सुजलेच. घर कंपनीचं होतं. मुलगा गोमर टाळेबंदीनंतर वर्षभर रिकामा बसला होता आणि आत्ताच कुठे त्याला कंपनीने खाणीत परत घेतलं होतं. तो खाणीत आहे तोवर घर, असा हिशेब होता. पण भाडेपट्टा आसेनाथच्या नावावर होता, आणि काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीत मत भाडेकरूलाच असे, म्हणून मत होतं तिचं एकटीचं. गोमरला मत नव्हतं.

उभे होते दोघे. एक खाणीचे मॅनेजर ट्रेहार्न साहेब, निळ्या फितीचे. दुसरा इसाक तराजू. खाणीच्या काट्यावर कामगारांच्या बाजूने कोळशाचं वजन तपासायला जो माणूस कामगार निवडून देतात, तो हा इसाक. त्याची फीत लाल. इसाक म्हणत होता, शाळेतल्या पोरांना दुपारचं गरम जेवण चालू ठेवू. साहेब म्हणत होते, त्याने कर वाढतील. आसेनाथने कुणाला मत द्यायचं हे बटाटे सोलतानाच ठरवलं होतं. पण साहेबांची मोटार कंपनीच्या घराघरापाशी थांबत होती, आणि मोटारीत कोण बसलं नाही याची बातमी कचेरीत पोचत होती.

मतदानाच्या सकाळी मोटार तिच्या दारात आली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू माझ्या पायांनी."

ते पाय तिला अंगणापर्यंत नेत नव्हते, मग डोंगर उतरून मतदानाच्या शाळेपर्यंत कसले नेतात.

त्या दिवशी सोसायटीची भट्टी बंद होती. पाव आदल्या दिवशीच वाटून झाला होता. तरी एलिसने मला जुंपलं, आणि रिकामी गाडी घेऊन आम्ही वर गेलो. आसेनाथ मागच्या दाराने बाहेर आली. काळी हॅट, काळी शाल. हॅट तिने दोनदा नीट केली.

"मावशी, आत बसा. दार लावून घेतो," एलिस म्हणाला. "चॅपलच्या मागे उतरवतो. तिथून शाळेचं दार चार पावलांवर. तुम्ही चालत आलात, इतकंच लोक बघतील."

"आणि कुणी विचारलं तर?"

"मला? मी घोडा फिरवायला काढलाय."

"एलिस, गोमर खाली आहे आज," ती म्हणाली. मला 'खाली' हा शब्द कळतो, मित्रांनो. तो ऐकला की अजून मी एक पाऊल मागे घेतो.

एलिसने सगळ्याचा विचार केला होता. फक्त माझा केला नव्हता. उतार लागला, पहिलं दार आलं, आणि मी थांबलो. दुसरं कुठलं काम मला येत होतं?

"चल रे बाबा," एलिस दबक्या आवाजात म्हणाला. मी चाललो आणि पुढच्या दाराशी पुन्हा थांबलो. दार उघडून एक शेजारीण बाहेर आली.

"काय रे एलिस, आज पाव आहे?"

"नाही गं. घोड्याला सवय."

"गाडी तू चालवतोस की तो?"

एलिस हसला, पण त्याचं हसू मला आवडलं नाही. गाडीच्या आत श्वासाचासुद्धा आवाज नव्हता. मला समजत होतं की काहीतरी वाईट चाललं आहे. एलिसच्या हाताची भीती लगामातून माझ्या तोंडात उतरत होती. आणि भीती वाटली की घोडा काय करतो? जे रोज करतो तेच आणखी घट्ट धरून करतो. मी एकही दार सोडलं नाही.

रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर ट्रेहार्न साहेबांचा बंगला. साहेब सोसायटीच्या दुकानाचं नाव काढू देत नसत. पण त्यांची स्वयंपाकीण लेटी रोज बाजूच्या फाटकातून येऊन आमचा पाव गुपचूप घेई, कारण साहेबांना दुसरा पाव पचत नसे. साहेब त्या वेळी नेहमी खाणीवर असत. त्या दिवशी मात्र ते मोठ्या फाटकात उभे होते, निळ्या फितीचं फूल लावून, आणि शेजारी त्यांची मोटार घरघरत होती. लेटी मला सगळ्यात मोठा तुकडा द्यायची. मी थांबलो.

"कॅप्टन, चल," एलिस कुजबुजला. "तुझ्या पाया पडतो, चल." त्याला ओरडता येत नव्हतं. मोटारीच्या धुराने माझे कान मागे गेले होते, पण पाय पुढे जाईनात.

लेटीने खिडकीतून गाडी पाहिली आणि ती सवयीने थाळी घेऊन आली. तिला साहेब दिसले नाहीत, मोटारीच्या पलीकडे होते ते. तिने मागचं दार उघडलं. रिकाम्या फळ्यांच्या मध्ये, पालथ्या घातलेल्या पाटीवर, आसेनाथ बसलेली होती.

लेटीने दार धाडकन लावलं. "आज पाव नाही वाटतं," ती म्हणाली. तिचा आवाज फार मोठा निघाला.

"म्हणजे रोज असतो की काय?" साहेब मोटारीला वळसा घालून आले. "लेटी, हा पाव आपल्याकडे येतो?"

लेटीने थाळी पाठीमागे लपवली. साहेबांना राग आला नाही. गंमत वाटल्यासारखे ते पुढे झाले आणि त्यांनी दार पुन्हा उघडलं.

मला त्या वेळी खाणीतलं छत आठवलं.

"अरे, मिसेस पोवेल," साहेब हळूच म्हणाले. "तुम्ही पायांनी येणार होतात ना?"

"पाय दुखायला लागले साहेब. वाटेत हा भेटला."

"बरं झालं इथेच भेटलात. पावाच्या गाडीत कशाला बसायचं? लोक काय म्हणतील?" त्यांनी हात पुढे केला. "गोमर काम बरं करतोय, असं कानावर आहे माझ्या. त्याला तसंच करू द्या."

त्यांनी तिला उतरवलं, स्वतःच्या कोटावरचं निळं फूल काढलं आणि तिच्या शालीवर टोचलं. तिला मोटारीत पुढच्या बाजूला बसवलं. मित्रांनो, मी खाणीत माणसं घाबरलेली पाहिली आहेत. पण इतकी घाबरून इतकी ताठ बसलेली बाई मी पाहिली नव्हती.

लेटीने मला तुकडा दिला. तो माझ्या तोंडातून खाली पडला.

आम्ही मोटारीच्या मागून शाळेपाशी पोचलो. फाटकात लाल फिती लावलेल्या बायका उभ्या होत्या. यातल्या निम्म्या जणी टाळेबंदीत आसेनाथच्या शेजारी उभ्या राहून बटाटे सोलत असत. मोटारीतून ती उतरली तशा त्या बाजूला सरकल्या. मग एक म्हणाली, "मऊ असते ना गं मोटार बसायला?"

एलिसने गाडीवरून उडी टाकली. तो काहीतरी बोलणार होता. आसेनाथने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवून त्याला थांबवलं. तिच्यामागे साहेब उभे होते. तिने हॅट नीट केली आणि ती आत गेली.

इसाक थोड्याच मतांनी निवडून आला. खोऱ्यात वाजंत्री लागली, पोरांचं गरम जेवण चालू राहिलं. आणि तीच पोरं जेवून घरी जाताना आसेनाथच्या दारावर काठ्या घासत ओरडायची, "मोटारवाली, मोटारवाली, निळ्या फितीची मोटारवाली." चॅपलमध्ये तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहू लागली. लेटीला साहेबांनी काढून टाकलं नाही, पण आमचा तुकडा बंद झाला. गोमर आईशी बोलेनासा झाला. तो ताट पुढे ओढायचा, जेवायचा आणि उठायचा. हे मी दारातून कितीतरी वेळा पाहिलं.

"मावशी, सांगून टाकू का सगळ्यांना? निदान गोमरला तरी?" एलिसने एकदा विचारलं.

"गोमरच्या पोटात काही राहत नाही. तो खाली जाऊन अभिमानाने सांगेल, आणि संध्याकाळी दोघं रस्त्यावर असू." ती पाव काढून घेत होती. "तू तोंड बंद ठेव."

एलिसने ठेवलं. तो लांब जाऊन उगाच चाकाकडे बघत बसला. मग ती माझ्याजवळ आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि इतकंच म्हणाली, "इसाकच्या नावापुढेच केली रे फुली. हात इतका कापत होता, की दोनदा पेन्सिल पडली." त्यानंतर ती हे पुष्कळदा म्हणाली, मलाच, कारण मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

काही वर्षांनी खाणीतलं काम आटलं आणि गोमर इंग्लंडला कारखान्यात निघाला. त्याची पेटी आम्हीच स्टेशनवर नेली, आसेनाथही बरोबर होती. त्याने जाताना माझी मान थोपटली. एलिसला राहवलं नाही.

"गोमर, आईने तेव्हा मत कुणाला दिलं, विचारलंस कधी?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्या खोऱ्याने पाहिलं."

एलिसने आसेनाथकडे पाहिलं. मीही कान तिकडे वळवले. आता तो खाली जाणार नव्हता. पण ती त्याच कंपनीच्या घरात एकटी राहणार होती, साहेबांच्या मर्जीवर.

"त्याची गाडी चुकेल," ती म्हणाली.

आता सोसायटी मोटार घेणार आहे. मोटार कुठल्याही दारात आपणहून थांबत नाही. माझं पुढे काय होणार हे मला कोणी सांगितलेलं नाही, आणि तबेल्याच्या दारात अनोळखी माणूस दिसला की मी भिंतीला चिकटतो. आसेनाथ गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या शवपेटीमागून चालायला एलिस होता आणि गोमर होता. गोमर इंग्लंडहून आला होता आणि सबंध वाटेत त्याने मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही एखादी अशी म्हातारी असेल, जिच्या दारावर तुम्ही काठी घासता. काठी खाली ठेवा आणि तिला विचारा. आसेनाथला कोणीतरी एकदा विचारायला हवं होतं. मला जमलं नाही, मी घोडा आहे. तुम्हाला बोलता येतं.