ओयनिसाचा अंगठा

"ही खोबण माझी हाय!" उस्ता नुरमत ओरडला आणि हातातली सुरी त्यानं महकामच्या चटईवर आपटली.

रविवारचा चुस्तचा बाजार, त्यात कोकंदचा वारा सुटलेला. धूळ अशी उडत होती की समोर गाढव आहे की गिऱ्हाईक तेही कळत नव्हतं. तरी लोक जमलेच. भांडण म्हटलं की आमच्या ओलमझोर गावच्या माणसांना धुळीतसुद्धा दिसतं.

मी पलीकडंच कांद्याचं पोतं सोडून बसलो होतो. उस्ता, म्हणजे आमचा सुऱ्या घडवणारा कारागीर, ओरडला याचंच मला नवल वाटलं. त्याचं घर माझ्या घराला लागून, मधे एक मातीची भिंत. पण बायको गेल्यापासून दोन हिवाळे झाले, त्या भिंतीपलीकडून फक्त हातोड्याचा ठोका ऐकू यायचा. पोरंबाळं नाहीत, जनावर नाही. सकाळी भेटला तर मान हलवायचा आणि तेवढ्यावर दिवस काढायचा.

"तुमची म्हंजे?" महकाम हसत म्हणाला. हा खालच्या आळीचा. घरात विजेचं चाक बसवलंय, दिवसाला पोतंभर सुऱ्या काढतो. "खोबणीवर नाव लिवलंय का तुमचं? मुठीला खड्डा पाडायला काय सरकारची चिठ्ठी लागती?"

"खड्डा न्हाई त्यो!"

"मग काय इहीर हाय?"

लोक हसले. मी कांदे तसेच टाकून उठलो आणि त्याला दंडाला धरून बाजूला घेतला. मला महकामचा राग आला होता आणि उस्ताचाही. इतकी वर्षं गप्प बसायचं आणि तोंड उघडायचं ते असं बाजारात, हसं करून घ्यायला.

पण खरं सांगायचं तर खोबण उस्ताचीच होती. सुऱ्या आमच्याकडं घरोघर होतात, पण मुठीच्या पाठीवर, पात्याला लागून, अंगठा टेकायला बोटभर जागा कोरायची हे त्यानंच काढलं. तेही सरसकट नाही. गिऱ्हाईक आलं की उस्ताची बायको कणकेचा गोळा पुढं करायची, गिऱ्हाइकानं त्यात अंगठा दाबायचा, आणि त्या ठशाबरहुकूम उस्ता खोबण कोरायचा. म्हणून दर सुरी ज्याची त्याच्याच हाताला बसायची. कणीक तर आमच्याकडं कुणी टाकत नाही. काम झालं की ती बाई तोच गोळा तंदूरला लावायची आणि गिऱ्हाइकाला चहाबरोबर खाऊ घालायची. माझ्या अंगठ्याची भाकरी मीही खाल्लीय, वर तीळ लावलेली.

ती गेली आणि उस्तानं खोबण कोरणं सोडलं. कणीक मळणार कोण? साध्या मुठीच्या सुऱ्या करायचा आणि दुकानदाराला देऊन टाकायचा. आणि आता एकदम बाजारभर खोबणीच्या सुऱ्या, सगळ्या एका मापाच्या, महकामच्या.

"शुक्रवारी गावापुढं बोला," मी त्याला म्हटलं. "पिरनजरबाबा निवाडा करतील."

"बोलू काय?" उस्ता म्हणाला. "म्या काय बोलनारा माणूस हाय, एशमत?"

शुक्रवारी नमाज झाल्यावर पाण्याच्या पाटाकाठच्या तुतीखाली, चहाखान्याच्या रुंद लाकडी बाजेवर सगळे बसले. वारा पडला होता, पण चहात अजून धूळ लागत होती. पिरनजरबाबा मधे. गावात त्यांच्या दाढीइतकी पांढरी दाढी दुसरी नाही, आणि त्यांच्याइतका बहिरा माणूसही नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागत होतं. महकामनं आणलेली सुरी मधे अंथरलेल्या दस्तरख्वानाच्या कापडावर ठेवली होती.

"महकाम, तू ही खोबण कुठनं आणली?" बाबांनी विचारलं.

"डोक्यातनं, बाबा!"

"कशातनं?"

"डोक्यातनं!"

"तुज्या डोक्यातनं आजवर उवांबिगर काय निगाल्यालं म्या पायलं न्हाई," बाबा म्हणाले. "नुरमत, तुजं काय म्हननं?"

उस्तानं मान खाली घातली. "मी अंगठा बगून कोरतो. याची कुनाच्या अंगठ्याची हाय, इचारा."

"कुनाच्याबी!" महकाम म्हणाला. "धरा की, बाबा."

बाबांनी सुरी धरली. अंगठा खोबणीत उतरेना, नख कडेवर चढलं. मी धरली, मलाही तेच. चहावाल्यानं धरली, न्हाव्यानं धरली. खोबण एवढी आखूड, जणू अर्ध्याच अंगठ्यासाठी केलेली. शेवटी महकामला धरायला लावली तर त्याचाही अंगठा बाहेर.

"ही तर कुनालाच बसंना," न्हावी म्हणाला. "महकाम, ह्या सुरीनं गाजर चिरायचं का बोट?"

"मग झालं की!" महकाम फिसकन हसला. "वाईटच हाय तर उस्ता कशापायी माजी माजी करत्यात?"

आता सुरी उस्ताकडं आली. त्यानं ती डोळ्यांनी पाहिलीच नाही. डाव्या हातात धरली आणि उजव्या बोटानं खोबणीच्या तळावरून हलकेच फिरवत गेला. बाजारात रागाच्या भरात त्यानं ती नीट चाचपलीच नसावी. मी त्याच्या समोर होतो म्हणून मला दिसलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तो म्हातारा झाला.

"काय झालं, नुरमत?" बाबा ओरडले. "कुनाचा अंगठा?"

उस्तानं मान परत खाली घातली. मला कळलं होतं, आणि बहुतेक म्हाताऱ्यांनाही कळलं असावं. पण आमच्याकडं पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाहीत. थोरल्या पोराच्या नावानं हाक मारतात. उस्ताला पोरच नव्हतं, म्हणून चाळीस वर्षं तो तिला नुसतं 'अगं' म्हणाला. भिंतीला भिंत असून तिचं नाव त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"सांगा की," महकाम म्हणाला. "का भुताचा हाय?"

तेव्हा उस्तानं मान वर केली.

"ओयनिसाचा हाय," तो म्हणाला. बाबांना ऐकू जावं म्हणून परत मोठ्यानं म्हणाला, "ओयनिसाचा! माज्या ओयनिसाचा!"

ओयनिसाच्या डाव्या अंगठ्याचं पेर लहानपणी कडबा तोडताना गेलं होतं, आणि ती डावखुरी. सुरी तिच्या हातातून निसटायची, पलावाची गाजरं चिरताना रडायची. तिच्यासाठी उस्तानं पहिली खोबण कोरली. बाकीच्यांच्या त्यानंतरच्या.

"पर तिची सुरी महकामच्या हाती लागली कशी?" मी विचारलं.

पाटावर भांडी घासणाऱ्या बायका कान देऊन होत्याच. त्यातली साओदतमावशी उठून पुढं आली. गावातल्या गेलेल्या बायकांना शेवटचं न्हाऊ घालते ती ही, आणि महकामची सख्खी मावशी. न्हाऊ घालणारीला गेलेल्या बाईचे कपडे द्यायची आमची रीत. ओयनिसा गेली तेव्हा उस्तानं खुंटीवरचं सगळं न बघता गाठोड्यात बांधलं होतं. बिनबाह्यांच्या कोटाच्या खिशात तिची सुरी आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"मला वाटलं जाणूनच दिली," मावशी म्हणाली. तिचे हात ओले होते, ती ते पुसायचं विसरली. "म्या याला धार लावाय दिली हुती. मेल्या, तू तिचं माप काढलंस व्हय रं? मेल्याली बाई बाजारात मांडलीस?"

महकामनं तोंड फिरवलं. "मला काय ठावं? मला वाटलं, फ्याशन हाय."

बाबांनी निवाडा दिला: खोबण नुरमतची. महकामनं उरलेल्या सगळ्या मुठी घासून सपाट करायच्या आणि उस्तानं हात उचलून दुवा देत परवानगी दिल्याशिवाय परत खोबण कोरायची नाही. महकामनं मान डोलावली. मावशी धावत घरी गेली आणि मूळ सुरी फडक्यात बांधून घेऊन आली.

"घ्या, उस्ता. तुमची वस्तू."

उस्तानं हात पुढं केला. आणि मागं घेतला.

"न्हाई, साओदत. न्हाऊ घालनारीला दिल्यालं परत घेत न्हाईत. दिल्यालं तिला तिकडं पोचतं, परत घेतलं तर कमी पडंल."

मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. घे की म्हाताऱ्या, कोण बघतंय! पण सगळं गाव बघत होतं, आणि रीत त्यालाच नव्हे, मलाही ठाऊक होती.

पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर बाजारात आला. महकामनं शब्द पाळला होता. चटईवर सुऱ्या ओळीनं मांडलेल्या, मुठी गुळगुळीत. उस्तानं एक उचलली, अंगठा फिरवला, ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. महकाम आपला हात जोडून, "बगा उस्ता, एकबी ठेवली न्हाई," असं सांगत होता. उस्तानं चटईवरच्या सगळ्या चाचपून संपवल्या.

परत येताना गाढवावर बसून तो मागं वळून बाजाराकडं बघत होता. मग म्हणाला, "एशमत, तिच्या अंगठ्याच्या शंभरेक तरी असतील न्हाई का रं?"

"असतील."

"म्या पुसून टाकायला लावल्या."

मी गाढवाला उगाच एक काठी मारली.

याला आता वर्ष होईल. दर गुरुवारी दुपारी उस्ता दगड घेऊन साओदतमावशीच्या दारात जातो. "सुरीला धार लावायची का?" विचारतो. ती म्हणते, "लई बोथाटलीया बगा." तो उंबऱ्यावर बसतो, सुरी डाव्या हातात धरतो आणि हळूहळू धार लावतो. चहा पितो, सुरी तिची तिला देतो आणि घरी येतो.

मावशी एकटीच, दात नसलेली, दिवसाला एक गाजर चिरत असेल नसेल. एवढी बोथट होते कशानं, असं मला वाटायचं. परवा बुधवारी तिच्या घरामागून जाताना पाहिलं. म्हातारी पाटाच्या दगडावर सुरीची धार खराखरा घासून मारत होती. मला बघून म्हणाली, "उद्या ते येत्याल की रं." पातं झिजून आता काडीएवढं राहिलंय.