खंडेनवमीचं तेल

तेजस्वीनं एक पाय बंपरला टेकवला, पान्यावर सगळा भार टाकला आणि दात-ओठ खाऊन ओढ दिली. टेन्शनरची दांडी कशीबशी मागं सरली आणि सैल पडलेला पट्टा तिनं झटक्यात काढून खांद्यावर टाकला. टेन्शनरचं, म्हणजे इंजिनाचा पट्टा ताणून धरणारं, ते जुनं चाक बोटानं फिरवलं, तर आतून नुसती खरखर. बेअरिंग पार गेलं होतं. महिनाभर गाडी कोंबडी धरल्यासारखी ओरडत होती ती ह्याच्याच पायी. दुखणं हातात सापडल्यावर तिला इतका आनंद झाला की तिनं ते चाक उगाच वर उडवून झेललं.

"खेळत बसू नगंस," बाजेवरून आबा म्हणाले.

आबा म्हणजे सयाजी, तिचे वडील. उभा जन्म टॅक्सी चालवण्यात गेलेला माणूस. ह्या पावसाळ्यात डोळ्यांनी दगा दिला आणि स्टेअरिंग हातातून सुटलं. तेव्हापासून गाडी पुतण्या सम्राट चालवत होता. तेजस्वीकडं लायसन होतं, बॅज होता, घरच्या गाडीचं सगळं बारीकसारीक काम ती स्वतः करायची. नव्हता तो फक्त आबांचा होकार.

पण परवा गडहिंग्लजच्या शांतव्वांचा फोन आला. त्या कोल्हापुरात लेकीकडं उतरल्या होत्या, सोबत जावा होत्या, आणि नवरात्र संपायच्या आत त्यांना एका दिवसात नवदुर्गा, म्हणजे शहरातल्या नऊ देवींची देवळं, करायच्या होत्या.

"तुमची पोरगीच पाठवा की, सयाजीराव," त्या म्हणाल्या होत्या. "आमी समद्या बायका. गडी मानूस आला की प्रत्येक देवळाबाहेर हॉर्न मारत बसतोय."

जुनं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणायचं? आबांनी एक अट तेवढी घातली. गाडी गपगुमान चालली तर तेजू जाईल, ओरडली तर सम्राट त्याच्या मित्राची गाडी घेऊन जाईल. नवरात्रीच्या गर्दीत बिघडलेली गाडी घेऊन पोरगी अडकायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. तेजस्वीला रात्रभर झोप लागली नव्हती. पहिली ट्रिप, तीही नवदुर्गांची. झोपणार कोण?

नवा टेन्शनर बसला, बोल्ट आवळले गेले, पट्टा एकेका चाकाच्या खाचेत नीट बसला. तिनं हात झटकले आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि चिरकली नाही. तेजस्वीनं कान देऊन ऐकलं, मग एसी लावून ऐकलं. आवाज नाही म्हणजे नाही. बाजेवर आबांनी मान हलवली.

"ह्यो दुकानदार तरी बरा निघूदे. मागचा दर दिवाळीला वाईट पट्टा गळ्यात मारायचा. दसऱ्यापातूर गाडी ग्वाड, दसरा झाला की पट्टा बोंब मारतोय."

"ह्यो न्हाई फसवायचा, आबा. मी बघून आणलाय."

"जा, आंघोळ कर. तवर मी पूजा उरकतो."

अंगणात खंडेनवमीची मांडणी झाली होती. पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, आईच्या शिलाई मशीनची कात्री, आणि आज पान्यांचा अख्खा संच. शेजारी कुंकवाचा करंडा आणि तेलाची वाटी. दरवर्षी आबा एकेक हत्यार पुसून त्याला तेलाचं बोट लावायचे. घरात तो मान त्यांचाच होता.

ती नवा हिरवा ड्रेस घालून बाहेर आली तेव्हा बॉनेटवर झेंडूची माळ होती, चाकांखाली लिंबं होती. तेवढ्यात फाटक करकरत उघडून सम्राटही आला, केस चापून बसवलेले. तेजस्वीनं गाडीला हात जोडले, आत बसली आणि किल्ली फिरवली.

गाडी अशी काही किंचाळली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"झालं," सम्राट म्हणाला. "काका, मी निघतो. बायका खोळंबतील."

 तेजस्वीनं गाडी बंद केली, माळ बाजूला सारली आणि बॉनेट उघडलं. दांडी जागेवर होती, बोल्ट घट्ट होते. नव्या चाकाच्या मधोमध मात्र कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, आणि चाकावर, पट्ट्यावर, सगळीकडं तेलाचं बोट फिरलेलं होतं. तिनं पट्ट्यावरून बोट ओढलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल.

दर दिवाळी. तिच्या डोळ्यांपुढून सगळ्या दिवाळ्या सरकल्या. दुकानदारांशी झालेली भांडणं, बदललेले मिस्त्री, आणि गाडी हेच आपलं हत्यार म्हणून दर खंडेनवमीला मनोभावे तेल लावणारे आबा. तेलावर पट्टा घसरणार नाही तर काय होणार?

"काय झालं गं?" आबांनी विचारलं. ते उठून जवळ आले होते, उजव्या हाताचं बोट अजून तेलकट होतं.

सम्राटही वाकून बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. तो ते गावभर सांगत फिरला असता.

"माझाच हात तेलकट हुता, आबा," ती म्हणाली. "पट्टा घालताना पुसायचा राह्यला."

"बघा, अशीच गाडी चालवणार ही," सम्राट हसला.

आपण आपल्या हातानं ट्रिप घालवली, हे तिला बोलता बोलताच कळलं, आणि रडू येईल असं वाटलं. पण ती रडली नाही. बादलीत साबणाचं पाणी घेतलं, पान्यानं दांडी मागं ओढली, पट्टा उतरवला, घासून धुतला, कोरडा केला. चाकांच्या खाचा फडक्यानं पुसून काढल्या. नव्या चाकावरचा मधला टिळा तिनं तेवढा तसाच ठेवला.

आबा तिच्या बोटांकडं बघत उभे होते. टिळ्याच्या कडेनं फडकं फिरवताना त्यांनी बघितलं. मग स्वतःच्या बोटाकडं बघितलं, आणि ते बोट धोतराला पुसलं.

पट्टा बसला. किल्ली फिरली. इंजिन नीट, एका सुरात चालू लागलं.

"सम्राट," आबा म्हणाले, "तू घरला जा. तेजू जाईल."

"पण काका, ती स्वतःच म्हणाली की—"

"ऐकलंय मी. जा."

तेजस्वीनं गिअर टाकला. हसू काही केल्या आवरत नव्हतं. आबा तेलाची वाटी घेऊन फाटकाशी गेले, उरलेलं सगळं तेल बिजागऱ्यांवर ओतलं आणि फाटक ढकललं. ते आवाज न करता उघडलं. गाडी शेजारून जाताना त्यांनी खिडकीत वाकून बघितलं.

"पुढच्या साली गाडीची पूजा तू करायचीस," ते म्हणाले.