किटलीवरचा अंगठा

ताई किटल्या घडवायची आणि धाकटी त्यांचे फोटो काढायची. घरात पहिल्या गोष्टीला काम म्हणत आणि दुसरीला ‘धाकटीचं चाललंय काहीतरी’. विमा कंपनीतली नोकरी सोडून धाकटीने इंटरनेटवर दुकान मांडलं, चिनी मातीच्या त्या गोलमटोल किटल्या लांबलांबच्या गावी जाऊ लागल्या, तरी या म्हणण्यात काडीचा फरक पडला नाही. किटली चांगली म्हणून खपते, असं ताईचं मत. ते खोटंही नव्हतं, म्हणून धाकटीला जास्तच लागायचं.

मग फोटो चोरीला गेले. दुसऱ्या एका दुकानाने ते खिडकीतल्या उजेडासकट उचलले आणि खाली निम्मी किंमत लिहिली. लोकांनी तिथून मागवलं, हातात पडली पातळ पत्र्याची किटली, आणि फोटो ओळखीचा वाटला म्हणून चिडलेली मंडळी ताईच्या दुकानात येऊन वाट्टेल ते लिहून गेली. ताईच्या नाकावर राग तसा कायमच असतो, पण आता तो तिथे मुक्कामालाच आला.

“महिनाअखेरीला हे दुकान बंद,” मातीचे हात पुसत ती म्हणाली. “बाजारातला भांडीवाला सगळा माल उचलायला तयार आहे. त्याला फोटो लागत नाहीत. तू आपली ऑफिसात परत जा.”

त्या ऑफिसात धाकटी दिवसभर घड्याळ बघायची. इथे मात्र एखाद्या किटलीच्या पोटावर ऊन नीट पडेपर्यंत ती तासभर श्वास रोखून बसे आणि तिला भूकही आठवत नसे.

दोन्ही दुकानं ज्या साइटवर होती, तिच्याकडे तिने तक्रार केली. मूळ फोटो पाठवले. चोरानेही तेच फोटो ‘मूळ’ म्हणून पाठवले. फोटो तुमचेच कशावरून, असं तक्रार विभागाने दोघांनाही अगदी अदबीने विचारलं.

मग तिने फोटोच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकलं. चोराने कोपरा कापला. तिने नाव किटलीच्या पोटावर आडवं टाकलं, तर एका गिऱ्हाइकाने ‘किटली आवडली, पण अक्षरांशिवाय मिळेल का?’ असं विचारलं. शेवटी तिने भावजींचा सल्ला ऐकला. भावजी म्हणजे ताईचा नवरा, आणि त्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर सल्ला तयार असतो. फोटो मुद्दाम धूसर टाक, म्हणजे चोराला उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. चोराला खरंच उपयोग झाला नाही. गिऱ्हाइकालाही झाला नाही.

“हात घालू फोटोत,” धाकटी म्हणाली. “किटली हातात धरलेली, चहा ओतताना. चोर हात पुसायला गेला की किटलीची वाट लागेल. भावजी, बसा इथे.”

भावजी खुशीत बसले. पण त्यांची एक खोड होती. झाकणावर अंगठा दाबून धरल्याशिवाय त्यांना चहा ओतताच येत नसे. ताईच्या किटलीचं झाकण पडत नाही. त्यासाठी ती आतून खाच करते, आणि त्या खाचेचा तिला एवढा अभिमान की लग्न झाल्यापासून या अंगठ्यावरून घरात धुसफुस चालू होती.

“भावजी, अंगठा.”

“काढला.”

पुढच्या फोटोत अंगठा परत जागेवर. धाकटीने हात टेकले आणि फोटो तसाच टाकला. ताईने तो पाहिला मात्र, घर डोक्यावर घेतलं.

“लोकांना काय वाटेल? झाकण ढिलं आहे?”

चोराने हाही फोटो उचललाच. त्याने मनगट पुसलं, तळवा पुसला, बोटं पुसली, आणि अंगठा म्हणजे झाकणाची मूठ आहे असं समजून तो मात्र जपून ठेवला. वर कौतुकाने लिहिलंही, ‘खास कलात्मक मूठ’. लोक त्या मुठीवर बेहद्द खूश झाले.

“माझा अंगठा विकायला काढलाय,” भावजी ज्याला त्याला सांगत सुटले. रागापेक्षा त्यात मान जास्त होता.

धाकटी खुर्चीवरून उठलीच. तिने तक्रार विभागाला कळवलं, की फोटोतली मूठ ज्याची, त्याचा फोटो. दोन्ही दुकानांनी ती समोर आणून दाखवावी.

व्हिडिओ कॉल ठरला. तक्रार विभागातल्या बाई मधे, एका चौकोनात टाय लावलेला चोर, दुसऱ्यात दोघी बहिणी. चोर गुळगुळीत बोलत होता. ही मूठ आमच्या डिझायनरने महिनोन् महिने खपून काढली, म्हणाला. सध्या माल संपलाय, म्हणाला.

“तुमच्याकडे आहे का मूठ?” बाईंनी धाकटीला विचारलं.

“आहे. भावजी, या.”

भावजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, किटली उचलली आणि झाकणावर अंगठा ठेवला. भट्टीच्या दारात सापडल्यापासून त्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे. बाईंनी चोराचा फोटो मोठा केला. तिथेही मुठीला नख होतं, आणि ते मधोमध दुभंगलेलं होतं.

“जरा वाकवा,” बाई म्हणाल्या.

मुठीने मान लववली. बाई तोंडावर हात धरून हसू लागल्या. चोराचा चौकोन तेवढ्यात काळा झाला, आणि त्याच दुपारी त्याचं दुकानही साइटवरून गेलं.

भावजी शेजाऱ्यांना अंगठा दाखवायला बाहेर पडले. ताई चाकाजवळ जाऊन मातीचा गोळा थापटत बसली. धाकटी बराच वेळ दारात घुटमळली.

“भांडीवाल्याला काय सांगणार आहेस?” शेवटी तिने विचारलं.

“त्याला परवाच नाही म्हणून कळवलं.”

“परवा? परवा तर काहीच ठरलं नव्हतं, ताई. आपण हरलो असतो तर?”

ताईने मान वर केली नाही. “तो मेला पत्र्याची किटली तुझ्या फोटोवर विकत होता. आणि लोक घेत होते,” ती म्हणाली. “माझी चांगली असते म्हणून खपते, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू आता? उद्या सकाळी भट्टी उघडायची आहे. तुझ्या कामाला ऊन किती वाजता लागतं, ते सांग.”

धाकटीला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

“आठला,” ती म्हणाली.