आयोनाचा दगड

"उशी दे तिच्या डोक्याखाली," ल्यूरामावशी म्हणाली.

"मावशी, दगड आहे तो."

"दगड तुझ्या टोरांटोत. इथं आज ती आयोना आहे. दे उशी."

वर्लिननं उशी दिली. आईच्या पलंगावर, आईच्याच चादरीखाली काळसर दगड निजला होता. चादरीबाहेर फक्त वरची कड आणि त्यावर कोरलेलं नाव: आयोना क्वाशी. दुपारच्या बोटीनं तो ग्रेनडाहून आला, तेव्हापासून घरात कुणी आवाज चढवला नव्हता. शेजारणी येत, पलंगापाशी थांबून दगडाला गावची खबरबात सांगत, कुणाची शेळी सुटली, कुणाच्या पोरीनं नवरा सोडला, आणि मग स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलायला बसत. बाहेरच्या टेबलावर पितरांचं पान वाढलेलं होतं. भाताचे वळलेले गोळे, मक्याच्या पिठाचा कुकू, कोंबडी, आणि शेजारी पाण्याचा नि रमचा असे दोन पेले. त्याला सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता.

आई गेली तेव्हा विमानं बंद होती. फोनच्या पडद्यावर एक छत्री, पाऊस आणि कुणाचं तरी कोपर, एवढाच अंत्यविधी वर्लिनच्या वाट्याला आला. मूठभर मातीही तिच्या हातून पडली नाही. या कारियाकू बेटावर माणूस गेल्यावर काही वर्षांनी थडग्यावर दगड बसवतात. तोवर जीव वाटेवरच असतो, म्हणतात. हा दगड तरी आपल्या डोळ्यांदेखत टेकडीवर आईच्या उशाशी उभा राहावा, एवढंच तिला हवं होतं. टोरांटोच्या रुग्णालयात ती रोग्यांची ताटं लावायची. तिथल्या सोबतिणी म्हणाल्या होत्या, "बेटावर सुट्टी! मजा आहे बाई तुझी." ती हो म्हणाली होती. एवढ्या लांबची रीत उभ्या उभ्या कुणाला सांगणार?

"ही टुरिस्ट कोण आली आमच्यात?" युरायसमामानं दारातूनच विचारलं. तो आयोनाचा धाकटा भाऊ. जन्मभर नावा बांधल्या, आता गुडघ्यांनी रजा मागितलेली.

"मामा, भाचीला विसरलास?"

"भाची काळी होती. ही तर बर्फात ठेवलेल्या माशासारखी दिसतेय." त्यानं तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"मामा, किनाऱ्याचं काय झालंय रे?" तिनं त्याच्या खांद्यातच विचारलं. "बोट वळली तेव्हा पाण्याचे निळे रंग बघून माझा श्वास अडकला होता. मग पोल्सन बेचा किनारा दिसला."

"तुझ्या आईनंतर तिथं कुणी फणी फिरवलेली नाही."

आयोना वाऱ्याकडच्या त्या किनाऱ्यावर, एका अतिथीगृहासमोर, दाताळं आणि पोतं घेऊन रोज उजाडायच्या आधी उतरायची. रात्रीत समुद्रानं आणून टाकलेलं सगळं ती वेचायची. भाषा न कळणाऱ्या बाटल्या, एकेकट्या चपला, जाळ्यांचे गुंते, बादल्यांची झाकणं. पाहुणे चहाचे पेले घेऊन व्हरांड्यात येईपर्यंत ती निघून गेलेली असायची. त्यांना वाटायचं, हा किनारा असाच उगवतो.

"कंटाळा नाही यायचा तिला?" वर्लिननं विचारलं.

"यायचा की," ल्यूरामावशी म्हणाली. "शिव्या घालायची. एक एक बाटली उचलून विचारायची, कुणाच्या गं घरची तू, आईनं टाकलं का तुला? आणि उद्या पुन्हा जायची."

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत अंगणात जमले. बकऱ्याच्या कातड्याचे ढोल तापवून ताणले गेले. चौघांनी दगड फळीवर घेऊन खांद्याला लावला. पुढे युरायसमामा आणि शेजारचा कॉस्मस, मागे नावा बांधणारे दोघे भाऊ. ल्यूरामावशीनं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, मग रम.

"ऐका," ती म्हणाली. "उचललाय, आता मागं फिरायचं नाही. खांदा बदलायचा नाही. थडग्यापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. जिथं टेकला, तिथंच ती बसली. मग देव आला तरी उठायची नाही."

"उठायची नाहीच," कॉस्मस म्हणाला. "माझ्याकडे ओट्यावर बसली की जेवण होईतो उठायची नाही."

"जड काय आहे रे!" मागून कुणीतरी कण्हलं.

"तिची जीभ धरून वजन केलंय," युरायसमामा म्हणाला, आणि ढोल सुरू झाले.

दफनभूमीची वाट पोल्सन बेच्या वाळूवरून जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला काटेरी झाडी, आणि मधल्या अरुंद पट्टीत तांबूस शेवाळाचा बांध. त्यात बाटल्या, दोर, डबे असे रुतलेले, की जणू बेटालाच मुळं फुटलीत. टोकाशी टेकडी होती. आईच्या मातीभोवती रचलेले शंख तिथून पांढरे ठिपके होऊन दिसत होते. वर्लिनची नजर त्यांच्यावर होती, म्हणून तिला आधी ढोल थांबलेले कळले आणि मग कारण दिसलं.

वाटेवर एक नाव उलटी पडली होती. मग ती नाव हलली.

"कातडीपाठी कासव," युरायसमामा कुजबुजला. "उजाडल्यावर? उशीर झालाय बाईला."

माणसाहून लांब, काळं, पाठीवर कण्यासारख्या उभ्या रेघा आणि त्यांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. ते एकदा पुढं सरकायचं आणि थांबायचं. थांबलं की असा श्वास सोडायचं, की जणू खूप लांबून ओझं आणलेलं कुणी दारात टेकलंय. डोळ्यांतून चिकट पाण्याची धार वाळूत लोंबत होती. वर्लिन बेटावर जन्मली, वाढली. पण कासवं रात्रीची येतात आणि मुली रात्री घरात असतात. तिनं हे कधीच पाहिलं नव्हतं. एवढं जुनं, एवढं मोठं काही आपल्याइतक्याच अडचणीत असू शकतं, याचं तिला भान आलं.

"पूर्वी आजचा रस्सा झाला असता," कॉस्मस हळूच म्हणाला.

"थोबाड बंद," ल्यूरामावशी.

कासवानं मागचे पाय वाळूत घातले. ते पाय हातांसारखे वळायचे, ओंजळ भरून वाळू बाहेर टाकायचे. मग एक पाय दोरात अडकला. त्यानं झटकलं, थांबलं, आणि खड्डा तसाच सोडून पुढं ओढत गेलं. पुन्हा उकरलं. या वेळी प्लास्टिक करकरलं.

"हा तिसरा खड्डा," युरायसमामा म्हणाला. वाळूवरच्या खुणा त्यानं वाचल्या होत्या. "आता माघारी जाईल. अंडी पाण्यात पडतील."

"आपण समोरून गेलो तर?" कॉस्मसनं विचारलं.

"तर आत्ताच जाईल. एकदा अंडी घालायला लागली की ढोल वाजव, हलणार नाही. पण आधी सावली जरी हलली तरी..."

वर्लिननं चपला काढल्या. झाडीच्या कडेकडेनं, वाकून, ती कासवाच्या वरच्या अंगाला गेली आणि पांढऱ्या झग्यात गुडघ्यांवर बसली. वाळूत हात घातला. एक झाकण निघालं, मग दोर, मग दोराला धरून बरंच काही. आवाज होऊ नये म्हणून ती ते मांडीवर जमवत राहिली. जरा वेळानं शेजारी आणखी एक पांढरा झगा बसला, मग तिसरा. ल्यूरामावशीनं रमची सुरई झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि धापा टाकत जाळं ओढायला लागली.

"कुणाच्या गं घरची तू?" ती एका बाटलीला कुजबुजली. वर्लिनला हसू आलं, आणि लगेच काही दिसेनासं झालं.

मागे चौघं दगड खांद्यावर घेऊन उभे होते. ऊन वर आलं. युरायसमामाच्या पोटऱ्या थरथरत होत्या, मानेवरून घाम फळीवर ठिबकत होता.

"मामा?"

"आहे मी. तू तुझं बघ."

कासव वळलं. साफ केलेल्या तुकड्याकडे, त्यांच्या अंगावरच यावं तसं आलं. बाया श्वास रोखून झाडीत सरकल्या. त्यानं मागचे पाय वाळूत घातले. वाळू आली, नुसती वाळू. खड्डा खोल व्हायला लागला.

आणि युरायसमामाचा गुडघा वाकला. फळी तिरकी झाली. बाकीच्या तिघांनी दात आवळून सावरली.

"पुढं काढा रे," कॉस्मस म्हणाला. "एका दमात निघून जाऊ. नाहीतर म्हातारा पडतोय."

वर्लिन त्यांच्यापाशी आली. तिनं एकदा टेकडीवरच्या शंखांकडे पाहिलं.

"ठेवा खाली."

"वर्लिन," ल्यूरामावशी मागून म्हणाली, "टेकवला तर टेकवला. टेकडी रिकामी राहील. विचार कर, बाळा. याच्यासाठीच आलीस ना तू?"

"हो."

"मग?"

"मामाचा गुडघा बघ. आणि तिच्याकडे बघ." कासव उकरतच होतं. "ठेव, मामा. हळू."

त्यांनी दगड खाली घेतला. वर्लिननं खालची कड दोन्ही हातांनी धरली होती. वाळूला आधी तिची बोटं लागली, मग दगड. त्याचा सगळा भार एक क्षण तिच्या बोटांवर आला. तिनं हात काढून घेतले.

अंडी पडायला लागली. ओली, पांढरी, गोल, एकामागून एक. ढोलवाले ढोल पोटाशी धरून बसले. कॉस्मसनं केव्हातरी टोपी काढली होती. घालून झाल्यावर कासवानं वाळू ओढली, दाबली, पुन्हा ओढली, एखादी बाई अंथरूण घालते तशी. मग जड वळण घेऊन, दर काही पावलांना उसासत, पाण्याकडे गेलं. लाट त्याच्या डोक्यावरून गेली. दुसरी लाट आली तेव्हा तिथं काहीच नव्हतं.

युरायसमामा दगडापाशी आला. "आयोना," तो म्हणाला, "निघायचं का?"

वारा होता. दगड उचलायला कुणीही वाकलं नाही. सगळे वर्लिनकडे बघत होते.

"बसू दे तिला," ती म्हणाली.

"समुद्र नेईल एक दिवस."

"माहीत आहे."

ल्यूरामावशीनं दगडाभोवतीच्या वाळूवर पाणी शिंपडलं, मग रम, आणि ती जरा जास्तच ओतली. पण टेकडीवरच्या मातीलाही सांगायला हवं होतं, आयोना येत नाही म्हणून. ढोल पुन्हा सुरू झाले. चौघं आपापल्या जागी उभे राहिले आणि चालू लागले. पुढं दोघं, मागं दोघं, त्याच संथ पावलांनी, खांदे अजून एका अंगाला झुकलेले, आणि मधे एका फळीएवढी जागा मोकळी. वर्लिन त्यांच्या मागून गेली. वाळू भरलेले हात तिनं झटकले नव्हते.