आरशातला तिनचा हात

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून भांग पाडायला कुणी येत नसे. एका पिकअप गाडीच्या डाव्या दाराबाहेर मी उभं आयुष्य काढलं. मला फक्त मागचं दिसे. पुढे काय वाढून ठेवलं आहे, ते आतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागे.

आमची गाडी थायलंडमधल्या उदोनची. तिथेही तुमच्याकडच्यासारखी वाहनं डावीकडून चालतात, म्हणून माझ्या वाट्याला रस्त्याची कड यायची. गवत, कुत्री, उसाची शेतं. मागच्या सीटच्या खिडकीतून हात काढून मालकांचा धाकटा मुलगा तिन उसाची पानं पकडायचा. गाडीचे मालक तोंग मला ओल्या फडक्याने पुसत आणि म्हणत, "हा माझा डावा डोळा." मी फुलून जाई.

एका सुट्टीत सगळे लाओस बघायला निघाले. नदीवरचा मोठा पूल ओलांडला आणि रस्ताच उलटा झाला. तिथे गाड्या उजवीकडून चालतात. कडेचा मी एकदम रस्त्याच्या मधल्या बाजूला आलो. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला वाऱ्याची थप्पड देऊन जाऊ लागला.

तोंग उजवीकडे बसलेले. पुढे ट्रक असला की त्यांना त्याच्यापलीकडचं काही दिसत नसे. म्हणून ते डावीकडे बसलेल्या बायकोला, दावला विचारत, "मोकळं आहे?"

"नाही."

"अगं, तुला आपलं अंगणसुद्धा कधी मोकळं दिसत नाही!"

"नाही दिसत. मागेच राहा तुम्ही."

पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा दावने मला आपल्याकडे फिरवून घेतलं.

"आणि मला मागचं कसं दिसणार?"

"मी सांगते ना. मला पोरांची खिडकी दिसायला हवी."

पुढे घाट लागला. डोंगरातली शेतं जाळल्याचा धूर दरीत साचला होता आणि भर दुपारी सूर्य तांब्यासारखा लाल दिसत होता. अपघाताच्या जागी लोकांनी बांधलेलं छोटं देऊळ दिसलं की तोंग भोंगा वाजवून नमस्कार करत. त्या घाटात भोंगा सारखाच वाजत होता.

"बाबा, इथे इतकी देवळं का?" थोरल्या फाईने विचारलं.

तोंगनी पुन्हा भोंगा वाजवला.

लाकडं लादलेला एक ट्रक पुढे रखडत होता. एकाएकी त्याचा डावा दिवा लुकलुकू लागला. आमच्याकडे ट्रकवाल्याने डावा दिवा दाखवला, तर अर्थ असतो, 'मोकळं आहे, जा पुढे.' उजवा दाखवला तर, 'थांब.' पण इथे रस्त्याबरोबर ही खूणही उलटी होती. तोंगच्या ते ध्यानातच आलं नाही.

"बघ, बोलावतोय तो!"

"थांबा, मला बघू द्या..."

"त्याला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं!"

गाडी डावीकडे बाहेर निघाली. दावचे डोळे मोठे झाले आणि त्यांत मला दोन पिवळे दिवे दिसले. समोरून बस येत होती.

"नाही! अहो, नाही!"

त्याच क्षणी तिची नजर माझ्यावर पडली. माझ्यात तिनचा हात होता. खिडकीबाहेर, कोपरापर्यंत. घरी ऊस पकडायचा, तसा तो धूर पकडत होता.

दाव दोन सीटच्या मधून मागे झेपावली. तोंगनी ब्रेक दाबून गाडी उजवीकडे ओढली. हात आत गेला, एवढं मी पाहिलं. मग बसने मला उडवलं.

गाडी कडेला थांबली. दाव तिनची बोटं एकेक करून दाबून पाहत होती. तोंग धुळीतून मला उचलून आणत होते; माझ्या काचेला आडवा तडा गेला होता.

"आई," तिन म्हणाला, "गाडीचा हात तुटला."

गाडीला आता नवा आरसा आहे. मी घरी दाराजवळ, तिनच्या उंचीवर टांगलेला असतो. अंगणातून गाडी काढताना तोंगचा आवाज येतो, "मोकळं आहे?" मग दावचं उत्तर येईपर्यंत गाडी हलत नाही.

मित्रांनो, खिडकीबाहेर हात काढू नका. आणि तुमच्यासाठी कुणी डोळ्यांत तेल घालून बघत असेल, तर त्या माणसाचं 'नाही' ऐका.

तिन रोज माझ्यात बघून भांग पाडतो. माझ्या तड्यापाशी त्याचा हात मनगटातून तुटलेला दिसतो. तो जरासा सरकतो आणि हात पुन्हा जोडला जातो. तोवर मागे उभ्या असलेल्या दावने श्वास रोखलेला असतो.