समुद्रावरची बारा तारीख

परभणीत तिकिटं काढून देणाऱ्या माणसाला काय काय काढावं लागतं, ते बबितालाच ठाऊक. स्टेशन रोडवरच्या तिच्या दहा बाय बाराच्या दुकानात तत्काळची रेल्वे, पुण्याची ट्रॅव्हल्स, बोधगयेची सहल, मक्केला उमऱ्याच्या यात्रेचं विमान, सगळं निघायचं. बावीस वर्षांत तिनं निम्मा जिल्हा इकडून तिकडं पाठवला आणि स्वतः खुर्चीतच बसून राहिली. कंबर त्याची साक्ष देत होती. पण जगाला फेरा मारून आणणारं तिकीट तिच्याकडं आजवर कुणी मागितलं नव्हतं. ते मागितलं पालमच्या सरजाबाईंनी, आणि त्यालाही आता तीन आठवडे होऊन गेले होते.

सरजाबाई म्हणजे सिद्धोधन गुरुजींची बायको. गुरुजींनी पालमच्या शाळेत बबिताला चौथीपर्यंत शिकवलं होतं. गेल्या बारा जानेवारीला ते गेले. मुलगा नागेश अमेरिकेत, लॉस एंजेलिसला. मुलगी सुकेशनी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. दोघांचं म्हणणं पडलं की आईनं या हिवाळ्यात दोघांकडं येऊन जावं आणि एकाच तिकिटावर यावं. सुटी सुटी तिकिटं काढली तर एक विमान चुकल्यावर पुढचं बुडतं. या तिकिटात दहा-बारा विमान कंपन्यांची युती असते; एकीनं उशीर केला तर दुसरी उचलून नेते. शिवाय तारखा नंतर फुकटात बदलता येतात. हे तारखा बदलणं दोघांना फार आवडलं होतं. पैसे निम्मे निम्मे भरायचं तर त्यांनी एका फोनात ठरवून टाकलं.

सरजाबाई पहिल्या दिवशी एसटीतून उतरून तडक दुकानात आल्या. पाणी प्याल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जय भीम, माय. मला ह्यातलं काई कळत न्हाई. कोणाकडं किती दिवस, ते त्येंलाच इचार. माझं एकच हाय. बारा जानेवारीला मी एका तरी लेकराजवळ पायजे."

"एवढंच ना, मावशी? सांगते की दोघांना, गुरुजींचा पहिला स्मृतिदिन आहे म्हणून."

"न्हाई." सरजाबाईंनी हात वर केला. "तेच सांगायचं न्हाई. गावात वंदनेला समदे येतेत, खीर बी व्हईल. पन मला बघायचंय, लेकरायला सोताहून याद येती का. आपुन सांगून आलेली याद काय कामाची?"

बबितानं मान डोलावली. दुसऱ्याच्या घरची परीक्षा आपल्या गळ्यात पडली आहे, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण गिऱ्हाईक दारात असलं की माणूस आधी हो म्हणतो आणि मग डोकं धरून बसतो.

मुंबईच्या एका ठोक तिकीटवाल्यानं तिला फोनवर नियम समजावले. फेरा एकाच दिशेनं मारायचा, एक खंड सोडून पुढं गेलात की मागं फिरायचं नाही. दोन्ही महासागर एकेकदा ओलांडायचे. ज्या देशातून निघालात तिथंच संपवायचं. आणि दर ठरतो तो किती खंडांना पाय लावला त्यावर. सरजाबाईंचे चार खंड होत होते, कर धरून दोन लाख एक्क्याऐंशी हजार. सगळ्या सीटा काही या तिकिटाला चालत नाहीत. प्रत्येक विमानात ठरावीक चार-सहाच. त्या जमवल्या की नागेशचा निरोप यायचा, "ताई, जरा दोन दिवस अलीकडं." अलीकडं जमवलं की सुकेशनीचा, "ताई, जरा पलीकडं." एक तारीख हलली की पुढची सगळी माळ तुटायची आणि सीटांची शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. बबिताचे असे पंधरा आराखडे वाया गेले. डोळे चुरचुरत होते. चहा समोर आला की निवूनच जायचा, आणि निवलेला चहा पिण्याचीही तिला आता सवय झाली होती.

सोळाव्यांदा मात्र तिच्या नजरेला एक गंमत पडली. फेरा पूर्वेकडून मारला, म्हणजे हैदराबादहून क्वालालंपूर करून आधी मेलबर्न आणि तिथून अमेरिका, तर मधे समुद्रात तारीख बदलणारी रेघ लागते आणि एक दिवस परत मिळतो. मेलबर्नहून बारा जानेवारीला रात्री नऊला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला बारा जानेवारीलाच दुपारी चारला उतरतं. बबितानं बोटांवर तीन-तीनदा मोजून पाहिलं. दिवसभर लेकीकडं बारा तारीख, संध्याकाळी लेकाकडं पुन्हा बारा तारीख. देणाऱ्यानं दोन्ही हातांनी द्यावं, तसं झालं. कितीतरी दिवसांनी तिला काम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच तिनं नागेशला फोन लावला. तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"नागेशभाऊ, आई बारा जानेवारीला पोचतील. बारा जानेवारी. आणि गंमत म्हणजे तीच बारा जानेवारी सुकेशनीताईंकडंही झालेली असेल."

"एक दिवस दोनदा?" नागेश मोकळेपणी हसला. "भारीच आहे! पण ताई, बारापासून सासू-सासरे येतायत आणि पाहुण्यांची खोली एकच आहे. आईला डिसेंबरात आधी इकडं पाठवा ना. अकरापर्यंत खुशाल राहू दे."

"बारा जानेवारीला तुमचं काही नसतं ना, भाऊ?"

"नाही, बाकी काही नाही. फक्त हे पाहुणेच."

बबितानं फोन ठेवला. अजून एक दार आहे, असं मनाला समजावून तिनं मेलबर्नला लावला. सुकेशनी कामावरून निघाली होती, गाडीतूनच बोलली. "ताई, बारापर्यंत आमचं घर बदलणं चाललंय. खोक्यांमधे आईला कुठं बसवू? तेराच्या सकाळपासून महिनाभर राहू दे, दीड महिना राहू दे." बबितानं बारा जानेवारी हे शब्द तिथंही तीनदा उच्चारले. तिसऱ्यांदा जरा थांबून, जोर देऊन. पलीकडून सुकेशनी म्हणाली, "हो ना, नेमकं बारालाच ट्रक येतोय."

दोघंही वाईट नव्हती, हेच बबिताला सोसत नव्हतं. वाईट असती तर शिव्या देता आल्या असत्या. दोघांच्या आवाजात आईची ओढ होती, आईसाठी खोली होती, पैसे होते, दीड महिना होता. एक तारीख तेवढी नव्हती.

मग तिनं फेरा उलटा फिरवला. हैदराबाद, लंडन, लॉस एंजेलिस, मेलबर्न, हैदराबाद. लॉस एंजेलिसहून अकराच्या रात्री साडेदहाला विमान, मेलबर्नला तेराच्या सकाळी. दोघांच्याही तारखा चपखल बसल्या. ठरावीक सीटांतली एक रिकामी होती, दर तोच. संध्याकाळी पाचपर्यंत तिकीट काढलं नाही तर सीट जाणार होती.

सरजाबाईंना तिनं बोलावून घेतलं. त्या दुपारच्या एसटीनं आल्या आणि काचेच्या टेबलासमोर बसल्या. बबितानं स्क्रीन त्यांच्याकडं वळवला आणि काहीही न लपवता सांगितलं. दोन बारा तारखांचं तिकीट होतं, ते दोघांनाही जमलं नाही. आता जमतंय त्यात अकराला रात्री विमानात बसायचं आणि उतरायचं ते एकदम तेराला. मधली बारा समुद्रावरच जिरून जाते.

"म्हंजी बारा येतच न्हाई?"

"नाही येत."

"दोघंबी काई बोलले न्हाई?"

बबितानं मान हलवली. मग तिला राहवेना. "मावशी, मी सांगते त्यांना. आत्ताच फोन लावते. एका शब्दाचं काम आहे. दोघंही धावत तारीख बदलून देतील, शरमेनं का होईना. तुम्हाला दिलेला शब्द मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर." तिनं खरंच मोबाइल उचलला. एवढ्या दिवसांचा सगळा शीण आता रागासारखा तिच्या हाताला चढला होता.

सरजाबाईंनी तिचं मनगट धरलं. हात कोरडा होता, पण पकड चांगली होती. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी स्क्रीनवर अकरा आणि तेराच्या मधे ठेवलं. बाहेर रिक्षावाले नांदेडच्या गाडीच्या उतारूंना हाका मारत होते.

"हेच काड," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, ह्यात बारा तारीखच नाही!"

"म्हनून तर काड म्हनायलेय." त्यांनी मनगट सोडलं आणि पदर नीट केला. "तारीखच आली न्हाई, तर लेकरं इसरली आसं कोणी म्हनू शकंल का, माय?"